गुरुवारच्या मॅडम आणि माझ्या निवट्या

आमच्या मॅडम फील्डबुक वाचायच्या आधी हुंगायच्या. खोटं वाटेल, पण शपथेवर सांगते. आपण वही पुढे केली की त्या चष्मा कपाळावर चढवायच्या, वही नाकाशी न्यायच्या, डोळे मिटायच्या आणि निकाल द्यायच्या. "हिला चिखलाचा वास नाही बेटा, टाल्कम पावडरचा आहे. ही तू घरी पंख्याखाली बसून उतरवलीस. कच्ची वही कुठाय?" मग आपण ओशाळं तोंड करून पिशवीतून कच्ची वही काढायची. ती जितकी मळकी तितक्या मॅडम खूश. माझ्या एका वहीचं पान खेकड्याने फाडलं होतं, ते त्यांनी वर्गभर फिरवलं होतं, लग्नातले फोटो फिरवतात तसं.

वर्ग म्हणजे आमच्या पनवेलच्या कॉलेजातली केमिस्ट्रीची दोन नंबरची लॅब, दर गुरुवारी दुपारी तीन वाजता. विद्यापीठाचं एक परिपत्रक आलं होतं, की नव्या संशोधकांसाठी व्यावसायिक विकासाचं प्रशिक्षण चालवा. अशी परिपत्रकं आल्यावर सगळीकडे होतं ते आमच्याकडेही होऊ शकलं असतं. एक दिवसाची कार्यशाळा, दीपप्रज्वलन, पाहुण्यांना गुच्छ, वडा-समोसा, प्रमाणपत्रं आणि घरी. पण प्राचार्यांनी ते काम मॅडमकडे दिलं आणि मॅडमनी ते अंगाला लावून घेतलं. तीन वर्षं दर गुरुवार. समई नाही, गुच्छ नाही. उपप्राचार्य बिचारे फोटोसाठी मागे लागले, अहवालाला फोटो हवा म्हणून. मॅडम म्हणाल्या, "या की, शिकताना काढा." फोटोत आठ माणसांची आठ डोकी आली, सगळी खाली वाकून लिहिणारी. चेहरा एकाचाही नाही. तोच फोटो अहवालात गेला.

मॅडम इथल्याच, कोकणी मुसलमान. घरचं धान्याचं दुकान, एक भाऊ आखातात. स्वतः केमिस्ट्रीच्या. लॅबमधला पांढरा ॲप्रन त्यांच्या अंगावर कायम असायचा. बाजारात, बँकेत, बसस्टँडवर, सगळीकडे. खिशात खडू, मोजपट्टी, लवंगा. एकदा स्टँडवर एका आजींनी त्यांना डॉक्टरीण समजून औषधाची चिठ्ठी दाखवली. दुसरं कोणी असतं तर 'मी डॉक्टर नाही हो' म्हणून मोकळं झालं असतं. या बाईंनी चिठ्ठी वाचली, आजींना डॉक्टरला विचारायचे तीन प्रश्न मागच्या कोऱ्या बाजूला लिहून दिले आणि घोकूनही घेतले. ट्रेनिंग द्यायची हौस, दुसरं काय!

आम्हाला त्या चार मिनिटं द्यायच्या. पडदा नाही, स्लाइड नाही. चार मिनिटांत आपलं संशोधन लॅबमधल्या मामांना समजावून सांगायचं. मामा म्हणजे लॅबचे शिपाई, बारावीपर्यंत शिकलेले, अतिशय सभ्य माणूस. ते मान डोलवायचे, पण समजलं नाही की त्यांचा डोळा लागायचा. फिजिक्सच्या एका पोराने त्यांना तीनदा झोपवलं. चौथ्यांदा मामा जागे राहिले तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. तोच पोरगा एकदा म्हणाला, "मॅडम, रिझल्ट येतील इन्शाअल्ला." मॅडम म्हणाल्या, "इन्शाअल्ला मी म्हणते. तू आकडा सांग."

आणि पेढे! कुणाचा शोधनिबंध एखाद्या जर्नलने नाकारला की त्याने ते पत्र मोठ्याने वाचायचं, अगदी 'आम्हाला खेद वाटतो'पासून, आणि मग मॅडम सगळ्यांना पेढे द्यायच्या. "स्वीकारला तर तू आणायचे, नाकारला तर मी." पहिलं नकारपत्र वाचताना माझा आवाज कापत होता. पाचवं वाचताना मी मधेच थांबून म्हटलं, "मॅडम, आज मलईचे आहेत का?" आज कुणी माझं लिखाण परत पाठवलं तर मी जेवते, झोपते आणि सकाळी दुरुस्त करायला बसते. हे बळ मला कुठल्याही पुस्तकाने दिलेलं नाही.

पण मॅडमची खरी ओळख म्हणजे हाजिरी. त्यांचा नियम असा, की ज्यांच्याकडून माहिती घेतली, त्यांच्यापुढे जाऊन आपलं काम वाचून दाखवायचं, आणि मगच प्रबंध विद्यापीठात द्यायचा. "डेटा आपल्या बापाचा नसतो. अमानत असते. दुसऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेली चीज. परत करताना दाखवावी लागते." स्टाफरूममध्ये याची भरपूर टवाळी व्हायची. पण मराठीच्या एका मुलीने आगरी लग्नातले धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गोळा केली होती. ती हाजिरीला गेली, आणि धवले म्हणणारी म्हातारी शांतपणे म्हणाली, "पोरी, लगीन नसताना आमी पुरता धवला म्हनत नाय. तुला आर्धाच दिला व्हता." मुलीच्या प्रबंधातला अर्धा धवला दोन वर्षं पूर्ण म्हणून नांदत होता. तरीही मला वाटायचं, हे गाण्याबिण्यांचं ठीक आहे. माझं झूलॉजी. माझे आकडे. मला कोण काय सांगणार?

माझा विषय निवट्या. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात टुणटुण उड्या मारणारा बोटाएवढा मासा. डोळे डोक्यावर, मुद्रा सदा आश्चर्यचकित. आमच्याकडे कालवण करून खातात. मी उरणला मोऱ्याच्या धक्क्याजवळच्या चिखलात दोन वर्षं निवट्या मोजल्या. रीत साधी होती. ओहोटीला काठापासून पाण्यापर्यंत चालत जायचं आणि दिसेल ती निवटी मोजायची. पहिल्या वर्षी मी उरणला मावशीकडे राहायचे आणि सकाळी चहाच्याही आधी चिखलात जायचे. दुसऱ्या वर्षी पनवेलला कॉलेजात तासिका तत्त्वावर नोकरी लागली. सकाळची लेक्चर्स संपवून एस.टी.ने उरण गाठायचं, आणि बारा-एकला ओहोटी असेल असे दिवस निवडून मोजायचं. आकडे ढळढळीत होते. दुसऱ्या वर्षी निवट्या निम्म्याहून कमी. मी निष्कर्ष लिहिला, की खाडीत चाललेल्या बांधकामांमुळे निवट्या नाहीशा होत चालल्या आहेत. लिहिताना मला स्वतःचा फार अभिमान वाटला, कारण मी गावाच्या बाजूने लिहीत होते.

हाजिरीला मॅडम बरोबर आल्या. मोऱ्याजवळच्या वाडीत चांगुणाकाकीची पडवी. काकी जन्मभर त्याच चिखलात हाताने निवट्या धरणारी. पाच-सहा बायका मासळी साफ करता करता ऐकायला बसल्या. मॅडमनी ॲप्रनसकट जमिनीवर फतकल मारली. मी चार मिनिटं बोलले, छान बोलले. 'निम्म्याहून कमी' म्हटल्यावर बायकांनी एकमेकींकडे बघितलं.

"कमी?" काकी म्हणाली. "गेल्या पुनवेला माजी पाटी भरली. तू मोजाया येतेस कवा गो?"

"दुपारी. बारा-एकची ओहोटी असेल तेव्हा."

त्यावर ज्या काय हसल्या त्या! एकीच्या हातातून कोयती पडली.

"अगो बाय माजे! दुपारची ओहटी म्हंजे सातम-आठमचा भांग. त्या दिसांत पानी आलशी आसतं, मेलं अर्ध्यावरच थांबतं. निवट्या हायेत खालच्या चिखलात, पान्याखाली. आमी पन भांगाला जात नाय. अमावस-पुनवेला सकालचे सा वाजता ये, मंग बघ चिखोल केवडा उघडा पडतो!"

उधाण आणि भांग मला ठाऊक नव्हते असं नाही हो. अमावास्या-पौर्णिमेला पाणी लांब ओसरतं, अष्टमीच्या सुमाराला कमी, हे मी बी.एस्सी.ला दहा मार्कांना लिहिलं होतं, आकृतीसकट. पण आमच्या या किनाऱ्यावर सकाळी सहाची ओहोटी उधाणाची आणि भर दुपारची भांगाची, हे दोन वर्षं माझ्या डोळ्यांपुढे असून मी जोडलंच नव्हतं. पहिल्या वर्षी मी उधाणाला मोजलं, दुसऱ्या वर्षी भांगाला. निवट्या कमी झाल्या नव्हत्या. माझं टाइमटेबल बदललं होतं.

मॅडम हसल्या नाहीत. वहीत लिहून घेत होत्या. मग त्यांनी काकीला विचारलं, "वर्षभर सगळी उधाणं मोजली तर पुरेल का?" जणू काकी परीक्षक आणि त्या विद्यार्थिनी. काकी म्हणाली, "पुरंल. पावसाचं सांबालून."

उरणच्या स्टँडवर माझा बांध फुटला. प्रबंध द्यायची शेवटची तारीख तीन आठवड्यांवर होती. त्याच्या पुढच्या महिन्यात आमच्या कॉलेजात कायम जागेची मुलाखत होती. कित्येक वर्षांनी भरती निघालेली, आणि प्रबंध दिलेला असणं ही अट. वर्षभर पुन्हा मोजायचं म्हणजे जागेवर पाणी सोडायचं. मी त्या गर्दीत मॅडमवर ओरडले, "कशाला आणलंत मला इथे? तुम्हाला काय जातंय! तुमची नोकरी पर्मनंट आहे!"

"हो," मॅडम म्हणाल्या. "आहे खरी." आणि पनवेल येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसल्या. माझ्या तोंडून गेलेल्या वाक्यांत ते सगळ्यात वाईट. त्याची लाज अजून वाटते.

माझ्या गाइडना फोन केला. ते म्हणाले, "एवढं काय मनाला लावून घेतेस? शेवटी 'अभ्यासाच्या मर्यादा' म्हणून एक परिच्छेद टाक आणि सबमिट कर. व्हायवात कोण विचारतंय?" सर वाईट नव्हते. माझ्या भल्याचंच बोलत होते. मलाही तेच ऐकायचं होतं.

प्रबंधाला प्रशिक्षण पूर्ण केल्याचा दाखला जोडावा लागायचा, आणि त्यावर मॅडमची सही. गुरुवारी मी दाखला घेऊन गेले, मनात भांडणाची पूर्ण तयारी करून. काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं. मॅडमनी काही विचारलं नाही. पेन काढलं, सही केली, शिक्का मारला, शाईवर फुंकर घालून कागद माझ्या हातात दिला. माझं पाठांतर जागच्या जागी वाया गेलं.

"झालं. मी अडवणार नाही," त्या म्हणाल्या. "एक सांग फक्त. तुझा प्रबंध कोण वाचेल?"

"कोणी नाही वाचत मॅडम, प्रबंध कोण वाचतं?"

"एक जण वाचेल. ज्याला त्या चिखलावर भराव टाकायचाय तो. तो शोधत येईल. आणि म्हणेल, कॉलेजच्या बाईनेच लिहिलंय, इथे आता काही उरलेलं नाही. मग भराव टाकायला हरकत काय?"

"पण मी तर गावाच्या बाजूने लिहिलंय!"

"बाजू तुझ्या मनात आहे बेटा. कागदावर नुसतं 'चिखल रिकामा' एवढंच आहे."

मी तीन दिवस प्रबंध पुढ्यात ठेवून बसले. आई म्हणाली, जेव तरी. चौथ्या दिवशी मुदतवाढीचा अर्ज केला. तो मंजूर झाला. कायम जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. चांगली आहे ती, हुशार आहे, आज आम्ही एकाच टेबलावर डबा खातो. मी अजून तासिका तत्त्वावरच आहे. वाईट वाटतं का? वाटतं. मेच्या सुट्टीत पगार थांबतो तेव्हा तर फारच वाटतं. पण त्या चौथ्या दिवसाबद्दल कधी वाटलं नाही.

आता उधाणाची ओहोटी सकाळी सहाची, आणि माझी लेक्चर्स साडेसातपासून. मोऱ्याहून पनवेलला उडत यायचं का? मी वेळ बदलून मागायच्या आधीच एके दिवशी नवं टाइमटेबल हातात पडलं. माझी सगळी लेक्चर्स साडेअकरानंतर. मी प्राचार्यांचे आभार मानले. ते म्हणाले, "माझे कशाला?" मला वाटलं, विनय.

चार-पाच महिन्यांनी, एका उधाणाला पाऊस आडवा आला म्हणून मी मोऱ्याला न जाता सकाळी कॉलेजात गेले. लॅबच्या दाराशी मामा उभे. आत मॅडम, साडेसातची बॅच घेत होत्या, एक हात टेबलावर टेकून, कारण गुडघे धरलेले. मामा म्हणाले, "तुम्हाला ठाऊक नाही? तुमचे सकाळचे वर्ग दुपारी न्यायचे तर दुपारचं कुणाला तरी सकाळी आणायला हवं ना. मॅडमनी आपली सगळी प्रॅक्टिकलं सकाळी घेतली. वर्षभरासाठी. तुम्हाला सांगायचं नाही म्हणाल्या होत्या."

जिच्यावर मी भर स्टँडवर ओरडले होते, ती बाई रिटायर व्हायला दोन वर्षं असताना, दुखऱ्या गुडघ्यांनी, मोठा जिना चढून रोज सकाळी साडेसातला उभी राहत होती, मी चिखलात जावं म्हणून. मी तशीच आत गेले आणि पोरांसमोर त्यांचे पाय धरले. मॅडम किती चिडल्या! "तौबा! ॲसिड आहे हातात, उठ आधी! आणि मामा, तुमच्या पोटात काही राहत नाही का हो?" मग हळूच म्हणाल्या, "मी पहाटे फजरच्या नमाजाला उठतेच. नंतर घरी बसून करायचं काय?"

ते वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वर्ष. काकी मला चिखलात चालायला शिकवायची, पाय कसा टाकायचा, कुठलं बीळ निवटीचं, कुठलं खेकड्याचं. मांडीपर्यंत रुतले की बाहेर ओढायची आणि शिव्याही द्यायची. आकडे आले ते पहिल्या वर्षासारखेच. निवट्या होत्या. भरपूर होत्या. माझा नाट्यमय निष्कर्ष गेला आणि त्या जागी एक मिळमिळीत वाक्य आलं, की या पट्ट्यात घट आढळली नाही. दुसऱ्या हाजिरीला मी ते वाचलं तेव्हा काकी म्हणाली, "ह्ये तर आमाला म्हायीतच व्हतं. पन लिवलंस ते बरं केलंस. त्यो कागुद मला दे."

मी त्या प्रकरणाची झेरॉक्स दिली. काकीने ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवली.

प्रबंध विद्यापीठात गेला, वर्ष उलटलं तरी व्हायवाची तारीख लागत नव्हती. अशात एके सकाळी काकीचा फोन आला. मोऱ्याकडच्या चिखलावर भराव घालायचं ठरतंय, उरणला सुनावणी आहे, चल. मी गेले. सभागृह भरलेलं. अर्जदारांचा माणूस नीट इस्त्रीच्या शर्टात उभा राहिला आणि म्हणाला, की तो पट्टा निरुपयोगी आहे, तिथे जिवंत असं काही उरलेलं नाही, स्थानिकसुद्धा तिथे जात नाहीत. त्याने फोटो दाखवला. भर दुपारचा. पाणी अर्ध्यावर थांबलेलं, चिखलाची चिंचोळी पट्टी, त्यावर एक निवटी नाही. तो फोटो माझ्या जुन्या प्रबंधात शोभला असता.

काकी उठली. पिशवीतून कागद काढला आणि अधिकाऱ्यांपुढे ठेवला. "ह्यो फोटू भांगाचा हाय साहेब. ह्यात उधानाचं लिवलंय. वर्साचं. वाचा."

अधिकाऱ्यांनी वाचलं. पानं उलटली. शेजाऱ्याशी काहीतरी बोलले. मग वर बघून विचारलं, "हे आकडे कोणाचे?"

मी हात वर करणार तेवढ्यात काकी म्हणाली, "आमचे. या पोरीनं निसते मोजले."

त्यांनी कागद फाइलला लावून घेतला आणि जागेची पाहणी अमावास्येला सकाळी सहा वाजता करायची असं लिहून घेतलं. पुढे काय होईल ते अजून कुणालाच ठाऊक नाही. पण भराव त्या दिवशी मंजूर झाला नाही.

बाहेर येऊन मी मॅडमना फोन लावला. आता निवृत्त झाल्यात, दुपारी दुकानात भावजयीला मदत करतात. एका दमात सगळं सांगितलं, काकीचं वाक्यसुद्धा.

"आणि 'नुसते मोजले' म्हटल्यावर कसं वाटलं तुला? पाच वर्षं घातलीस, कायमची नोकरी घालवलीस. खरं सांग."

मी खरंच शोधून बघितलं. राग कुठे सापडला नाही.

"बरं वाटलं मॅडम. फार बरं वाटलं."

"मग झालीस तू तयार," मॅडम म्हणाल्या. "पदवी विद्यापीठ देईल तेव्हा देईल."